उसने दात

इंग्रजीत लिहिलेला जो सर्वांत जुना मजकूर आज आपल्या हाती आहे, त्यात दातांचे भाव दिलेले आहेत. केंटचा राजा एथेलबर्ट याने इ. स. ६००च्या आगेमागे आपल्या राज्याचे कायदे लोकांच्या बोलीत लिहवून घेतले. रोमहून आलेल्या मिशनऱ्यांनी त्याला नुकतेच ख्रिस्ती केले होते आणि लेखणीही त्यांच्याबरोबरच आली होती. मूळ प्रत गेली. ११२०च्या दशकात रॉचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये उतरवून घेतलेली नक्कल तेवढी उरली. मारामारीत कोणी कोणाला जायबंदी केले तर किती भरपाई मोजायची, याची ही यादी डोक्याच्या केसांपासून सुरू होते आणि पायाच्या नखांपर्यंत उतरते. पुढच्या चार दातांपैकी एक पाडला तर ६ शिलिंग. त्याच्या शेजारच्याचे ४, त्याच्या पलीकडच्याचे ३ आणि त्यामागच्या प्रत्येकाला सरसकट १ शिलिंग. मारामुळे बोलणे बिघडले तर १२. हाताच्या अंगठ्याचे २०.

दाढेवाचून माणसाला घास चावता येत नाही, तरी तिला भाव सर्वांत कमी. कारण उघड आहे. पुढचा दात पडला की चारचौघांत दिसतो. याच कायद्यात कपड्याबाहेर दिसणाऱ्या काळ्यानिळ्या डागाला जास्त दंड आहे आणि कपड्याआड झाकल्या जाणाऱ्याला कमी. एथेलबर्टच्या न्यायाधीशांना दुखण्यापेक्षा इज्जतीची चाड जास्त होती.

पुढे नवव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने कायद्यांचे नवे पुस्तक केले. त्यात पुढचा दात ८ शिलिंग, दाढ ४ आणि सुळा १५. वरच्या सुळ्याला इंग्रजीत ‘आय टूथ’ म्हणतात, कारण त्याचे मूळ डोळ्याच्या खाली येते. एखादी गोष्ट मिळवण्यासाठी वाटेल ते द्यायची तयारी असली की इंग्रज माणूस आपले ‘आय टीथ’ देऊ करतो. आल्फ्रेडच्या दरपत्रकातून ही बोली निघाली असे म्हणायला काडीचाही आधार नाही. मधे हजार वर्षे जातात. पण देऊ करायचाच तर सर्वांत महागडा दात देऊ करावा, एवढा हिशेब दोन्हीकडे जमतो खरा.

ज्या भाषेने लिहायला शिकल्याबरोबर दातांचे भाव लावले, तिच्या दातांच्या म्हणी तिच्याच घरातल्या असतील असे वाटते. मागोवा घेऊ लागलो की भलतेच निघते. तीन दात हिब्रूचे, एक लॅटिनचा, दोन-तीन घोड्याच्या तोंडातून उपटलेले, एक फटके खाणाऱ्या शिपायाचा. इंग्रजीचे हसू ही अस्सल कवळी आहे. आणि इंग्रजांनी कवळ्या खरोखरच अशाच बनवल्या होत्या. १८१५च्या जून महिन्यात वॉटर्लूच्या रणावर हजारो तरुण पडले, त्यांचे दात उपटून विकले गेले, आणि ते हस्तिदंताच्या किंवा पाणघोड्याच्या दाताच्या पट्टीवर बसवून श्रीमंतांच्या तोंडात गेले. ‘वॉटर्लू दात’ हे नाव त्यावरूनच पडले. तोंड एकाचे आणि दात दुसऱ्याचे असण्यात तिथे कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

सर्वांत लांबून आलेला दात म्हणजे ‘दाताबद्दल दात’. बाबिलोनच्या हम्मुराबीचा शिलालेख इ. स. पूर्व अठराव्या शतकातला. तो १९०१-०२च्या हिवाळ्यात इराणातल्या सुसा येथे फ्रेंच उत्खननात सापडला आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातले २००वे कलम सांगते की एखाद्याने आपल्या बरोबरीच्या माणसाचा दात पाडला तर त्याचाही पाडावा. त्याखालचे २०१वे कलम सहसा कोणी सांगत नाही. दात साध्या माणसाचा असेल, तर चांदीचा एक तृतीयांश मिना मोजला की सुटका, म्हणजे आजच्या मापाने १६० ग्रॅमच्या आसपास. दाताबद्दल दात हा हक्क बरोबरीच्यांपुरताच होता.

हिब्रू बायबलमधल्या निर्गम या पुस्तकात हेच सूत्र येते, पण त्याच्या लगतच एक कलम आहे ज्यापुढे हम्मुराबी कोता वाटतो. मालकाने आपल्या दासाचा किंवा दासीचा दात पाडला, तर त्या दातापायी त्यांना मुक्त करावे. एका दाताची किंमत एक आयुष्य. आता गंमत अशी की आल्फ्रेड राजाने आपल्या कायद्याच्या प्रस्तावनेत निर्गमचा हाच भाग जुन्या इंग्रजीत उतरवून घेतला होता. म्हणजे एकाच पुस्तकात आधी देवाच्या तोंडून दाताबद्दल दात आणि पुढे राजाच्या तोंडून सुळ्याचे १५ शिलिंग. या दोहोंचा मेळ कसा घालावा, याची आल्फ्रेडला फारशी चिंता दिसत नाही. व्यवहार शिलिंगांतच चालला. म्हण मात्र हिब्रूची टिकली.

हिब्रूतून आलेला दुसरा दात याहून चक्रावणारा आहे. कोणी अगदी थोडक्यात बचावले की इंग्रजीत ते ‘बाय द स्किन ऑफ देअर टीथ’ बचावतात, म्हणजे दातांच्या कातडीने. मराठीत अशा वेळी जिवावरचे बोटावर निभावते. बोट निदान दिसते तरी. दाताला कातडी कुठे असते?

ही कातडी आली ईयोबाच्या पुस्तकातून. ईयोब हा सज्जन, श्रीमंत, भरल्या घरचा माणूस. देव आणि सैतान यांच्या पैजेत त्याची गुरेढोरे, मुलेबाळे आणि शेवटी प्रकृतीही जाते. एकोणिसाव्या अध्यायात तो मित्रांपुढे रडगाणे गातो, तेव्हा म्हणतो की हाडे कातडीला चिकटली आहेत आणि आपण दातांच्या कातडीनिशी निसटलो. त्याला नेमके काय म्हणायचे होते यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. कोणी म्हणतात हिरड्या. कोणी म्हणतात, कातडीच नसलेल्या जागेची कातडी उरली, म्हणजे काहीच उरले नाही, असा तो कडवट विनोद आहे. मला दुसरा अर्थ ईयोबाच्या स्वभावाला शोभणारा वाटतो. एवढे सोसूनही त्याची जीभ शेवटपर्यंत तिखट आहे.

अनुवादक मात्र इथे एकापाठोपाठ एक अडखळले. चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेममध्ये बसून हिब्रू बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने कातडीला बगल दिली आणि लिहिले की दातांभोवती ओठ तेवढे उरले. जर्मनीत मार्टिन ल्यूथरने अर्थ फिरवला. त्याच्या ईयोबाला कातडीने दात झाकता येत नाहीत. १५३५ साली इंग्रजीत पहिले संपूर्ण छापील बायबल काढणाऱ्या माइल्स कव्हरडेलने दातांभोवतीची कातडी शिल्लक ठेवली. सगळ्यांचा प्रयत्न एकच, वाचणाऱ्याला ठेच लागू नये. मग १५६० मध्ये जिनिव्हात आश्रय घेतलेल्या इंग्रज प्रॉटेस्टंटांनी आपले बायबल छापले. हे लोक मूळ शब्दाला धरून राहणारे, वाचकाच्या सोयीची फिकीर न करणारे. हिब्रूत दातांची कातडी आहे ना, मग इंग्रजीतही तीच. १६११च्या किंग जेम्स बायबलने तो पाठ उचलला आणि पुढची तीनशे वर्षे दर रविवारी चर्चमध्ये तो कानांवर पडत राहिला. चपखल भाषांतर झाले असते तर ते वाक्य पोथीतच राहिले असते. अडाणी वाटावे इतके शब्दशः झाले म्हणून ते लोकांच्या तोंडी बसले. वाटेत एक छोटा बदल झाला. ईयोब कातडीनिशी सुटला होता, म्हणजे कातडी घेऊन. लोकांनी त्याला कातडीच्या अंतराने सोडवला. नुकसानीचे वाक्य निसटण्याचे झाले. १९४२ मध्ये थॉर्नटन वाइल्डरने हिमयुग, महापूर आणि युद्ध यांतून दर वेळी कशीबशी तगणाऱ्या मानवजातीवर नाटक लिहिले, तेव्हा त्याला नाव दिले तेही याच दातांच्या कातडीचे.

आणखी एक आडवळण. १८३९ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर नॅस्मिथ या दंतवैद्याने दाखवून दिले की नव्याने उगवलेल्या दातावर खरोखरच एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. चावण्या-घासण्यात तो लवकरच झिजून जातो. त्याला आजही नॅस्मिथचा पापुद्रा म्हणतात. ईयोबाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण दाताला कातडी असते, निदान काही दिवस.

बायबलमधला तिसरा दात आपल्याला समजून घ्यायला वेळ लागत नाही. यिर्मया आणि यहेज्केल या दोन्ही संदेष्ट्यांनी एक प्रचलित म्हण सांगितली आहे. आंबट द्राक्षे बापांनी खाल्ली आणि दात आंबले मुलांचे. इंग्रजीला इथे दातांना धार काठ काय काय लावावे लागले आणि शेवटी ‘टीथ ऑन एज’ वर भागवावे लागले. कैरी, चिंच आणि आवळे खाऊन वाढलेल्या मराठी माणसाला दात आंबणे म्हणजे काय हे कोणी सांगायला नको. विशेष हे की दोन्ही संदेष्टे ही म्हण खोडून काढण्यासाठी सांगतात. यापुढे जो खाईल त्याचेच दात आंबतील, असे त्यांचे म्हणणे. खोडून काढलेली म्हण तेवढी जगली. आज इंग्रजीत ती बापलेकांचा हिशेब विसरली आहे. फळ्यावर नख ओढल्याचा आवाज ऐकून अंगावर शहारा येतो, त्याला ती लावतात.

आता शिपायाचा दात. कठीण प्रसंग मुकाट्याने सोसायचा तर इंग्रजीत ‘बाइट द बुलेट’ म्हणतात, गोळी चावा. याची एक कथा जिथेतिथे ऐकायला मिळते. भूल नव्हती तेव्हा रणांगणावर पाय कापताना जखमी सैनिकाच्या दातांत बंदुकीची गोळी देत, आणि हे म्हणे अमेरिकन यादवी युद्धात सर्रास चाले. कथा सुरस आहे, पण काळाचा मेळ बसत नाही. विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने बॉस्टनच्या रुग्णालयात ईथरची भूल देऊन दाखवली ती १६ ऑक्टोबर १८४६ रोजी. यादवी युद्ध १८६१ ते १८६५चे. तोवर ईथर आणि क्लोरोफॉर्म दोन्ही सैन्यांच्या वैद्यांकडे होते.

खरा धागा चाबकाकडे जातो. कॅप्टन फ्रान्सिस ग्रोझ हा इंग्रज गृहस्थ देहाने अगडबंब आणि कानाने तिखट. पडक्या किल्ल्यांची चित्रे काढणे हा त्याचा एक नाद. दुसरा नाद लंडनच्या गुत्त्यांत आणि गल्ल्यांत रात्री हिंडून चोर, खलाशी, शिपाई यांची बोली टिपून घेण्याचा. त्याच्या बाजारू बोलीच्या कोशाची १७९६ची आवृत्ती त्याच्या मृत्यूनंतर निघाली. त्यात ‘नाइटिंगेल’ असा शब्द आहे. फटके बसताना जो शिपाई ओरडतो तो नाइटिंगेल, गाणारा पक्षी. ग्रेनेडिअरांच्या काही पलटणींत न ओरडणे ही इभ्रतीची बाब होती, आणि त्यासाठी ते गोळी चावत राहत, असे ग्रोझने नोंदवले आहे. शिसे मऊ असते. दात रुतायला जागा मिळते आणि आवाज आतच राहतो.

काहींनी हा वाक्प्रचार १८५७च्या काडतुसांशी जोडला आहे. एन्फील्ड रायफलचे कागदी काडतूस दातांनी फाडावे लागे, त्याच्या चरबीवरून काय पेटले ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. काडतुसासाठी शिपायाला पुढचे दात शाबूत लागत हेही खरे. पण ग्रोझची नोंद त्याच्या ६१ वर्षे आधीची आहे, आणि तिथे चावायची ती गोळी, काडतूस नव्हे. हिंदुस्थानाशी या म्हणीचा धागा आहे तो वेगळा. आजच्या अर्थाने ती साहित्यात आणली रड्यार्ड किपलिंगने, १८९१च्या ‘द लाइट दॅट फेल्ड’ या कादंबरीत. डोळे जात चाललेल्या चित्रकाराला त्याचा मित्र धीर देतो, त्या जागी. किपलिंगचा जन्म १८६५चा, मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. बाप तिथे शिकवत होता. मुलगा पुढे लाहोर-अलाहाबादेत वार्ताहर झाला आणि गोऱ्या शिपायांच्या बराकींत बसून त्यांची बोली ऐकत राहिला. चाबकाची शिक्षा तोवर सैन्यातून गेली होती. बोली राहिली होती.

नुसत्या तोंडाच्या आणि ओठांच्या म्हणींत मला तितके रहस्य सापडले नाही. वरचा ओठ ताठ ठेवणे हे इंग्रजी बाण्याचे जणू राष्ट्रीय चिन्ह, पण त्याच्या पहिल्या छापील नोंदी अमेरिकेतल्या आहेत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या. प्याला आणि ओठ यांच्यामध्ये निसटण्याची म्हण ग्रीकांची. सॅमॉसचा राजा अँकियस आपल्या मळ्यातल्या पहिल्या दारूचा प्याला उचलतो, इतक्यात रानडुक्कर आल्याची वर्दी येते, तो प्याला खाली ठेवून धावतो आणि डुकराकडून मारला जातो. आपल्याकडे हातातोंडाशी आलेला घास जातो, राजा मरत नाही. गोड खाण्याच्या ओढीला इंग्रजीत ‘स्वीट टूथ’ म्हणतात, तो दात चौदाव्या शतकापासूनचा, साखर अजून राजवाड्यातल्या चैनीची वस्तू होती तेव्हाचा. १५९८ मध्ये पाउल हेंट्सनर या जर्मन प्रवाशाने ग्रिनिचला पहिल्या एलिझाबेथ राणीला पाहिले. तिचे दात काळे होते, आणि इंग्रजांना साखरेचा नाद फार, असे कारणही त्याने लिहून ठेवले. चांदीचा चमचा तोंडात घेऊन जन्माला येणे तर आता मराठी वर्तमानपत्रांत घरचे झाले आहे, विशेषतः पुढाऱ्यांच्या मुलांबद्दल लिहिताना.

घोड्याच्या तोंडाकडे मात्र सावकाश पाहायला हवे. इंग्रजीतले निम्मे दात तिथले आहेत.

घोडा साधारण साडेचार-पाच वर्षांचा होईतो त्याचे वय सांगणे सोपे. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे मधले दुधाचे दात पडून पक्के येतात, त्यानंतर वर्षभराने त्यांच्या शेजारचे, आणि आणखी वर्षाने कोपऱ्यातले. त्यानंतर पाहायचे ते दाताच्या माथ्यावरचे खळगे. नव्या दाताच्या माथ्यावर काळसर खोलगा असतो, त्यात दाणा-वैरण साचते. गवतातली रेती दात झिजवत राहते आणि खळगा उथळ होत जातो. खालच्या मधल्या दातांवरचा सहाव्या वर्षाच्या सुमारास बुजतो, शेजारच्यांवरचा सातव्या, कोपऱ्यातल्यांवरचा आठव्या. घोड्याचा दात झिजतो तसा हिरडीतून वर सरकतही राहतो. म्हाताऱ्या घोड्याचे दात पुढे झुकतात आणि लांब दिसू लागतात. वय झालेल्या माणसाला इंग्रजीत ‘लाँग इन द टूथ’ म्हणतात ते यावरून. थॅकरेने १८५२च्या ‘हेन्री एस्मंड’ कादंबरीत, आपल्या सरलेल्या सौंदर्याची स्वतःच ग्वाही देणाऱ्या एका बाईला हे विशेषण लावले आहे. तबेल्यातली भाषा दिवाणखान्यात आणायची आणि तीही बाईसाठी, हे थॅकरेच करू जाणे.

जिथे वयावर किंमत, तिथे वयात लबाडी. बुजलेले खळगे घोड्याचे दलाल कोरणीने पुन्हा खणत आणि तापल्या सळईने डागून काळे करत. या धंद्याला ‘बिशपिंग’ म्हणत. आपल्या ग्रोझसाहेबांनी तोही शब्द कोशात टिपला आहे. दहाव्या वर्षापुढे खळग्यांचा भरवसा उरत नाही म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिडनी गॅल्व्हेन नावाच्या अश्वशिक्षकाने दुसरी खूण पुढे आणली. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक खाच उगवते, पंधराव्या वर्षी निम्म्यावर येते, विसाव्या वर्षी दातभर होते आणि मग वरून पुसली जाऊ लागते. अशा बाजारात गिऱ्हाईक घोड्याचे तोंड उघडल्याशिवाय पैशाला हात लावीत नसे. आणि म्हणूनच फुकट मिळालेल्या घोड्याचे तोंड उघडून पाहणे हा उद्धटपणा.

ही म्हण नोंदवणारा माणूस आपल्या ओळखीचा निघतो. तो जेरोम, ईयोबाच्या दातांची कातडी टाळणारा. पौलाच्या इफिसकरांस पत्रावर त्याने भाष्य लिहिले तेव्हा त्याला टीकाकार आठवले. प्रस्तावनेत त्याने सुनावले की मी हे कोणाकडून काही घेऊन लिहिलेले नाही, तेव्हा लोक म्हणतात तसे, दान मिळालेल्या घोड्याचे दात तपासू नका. लोक म्हणतात तसे, असे तोच म्हणतो, म्हणजे चौथ्या शतकातही म्हण जुनी होती. लेखकाने समीक्षकाचे तोंड बंद करण्यासाठी ती वापरावी हे मला फार पटते. मानधन न घेता लिहिणाऱ्यांनी जेरोमची आठवण ठेवायला हरकत नाही.

इंग्रजीत तिला पक्के घर दिले जॉन हेवुडने. आठव्या हेन्रीच्या दरबारातला हा वादक आणि नाटककार. कवी जॉन डनचा आजा. १५४६ साली त्याने इंग्रजीतल्या म्हणी पद्यसंवादात गुंफून छापल्या. लोणीसुद्धा तोंडात न वितळणारे साळसूद लोक त्यात आहेत, आणि दिलेल्या घोड्याच्या तोंडात पाहू नये हेही आहे. जेरोमचे दात इथे तोंड झाले. १६६३ मध्ये सॅम्युएल बटलरच्या ‘ह्यूडिब्रास’ या काव्याने ‘गिफ्ट हॉर्स’ हा सुटसुटीत जोड रूढ केला.

लगामही याच तोंडातला. घोड्याच्या पुढच्या दातांमागे आणि दाढांच्या अलीकडे हिरडीचा मोकळा पट्टा असतो, लगामाची लोखंडी कडी तिथे टेकते. दाब हिरडीवर येतो म्हणून घोडा ऐकतो. तीच कडी त्याने मागे ओढून दाढांत धरली की स्वार कितीही खेचो, घोडा आपल्या मर्जीचा. ग्रीक नाटककार एस्किलसच्या नाटकात बांधलेल्या प्रॉमिथियसला हर्मीस नव्या शिंगराची उपमा देतो, लगाम दातांत धरणाऱ्या. इंग्रजीतही तसाच माणूस ‘बिट बिट्वीन द टीथ’ घेऊन सुटतो, अडीच हजार वर्षांनंतर.

‘स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ’, म्हणजे अगदी आतली खबर, ही मात्र या घराण्यातली नव्हे, जरी लोक तिलाही दात तपासण्याशी जोडतात. ती रेसच्या मैदानावरची आहे आणि तरुण आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळलेली. टिप विकणाऱ्यांत चढाओढ असे. एकाची खबर जॉकीकडून, दुसऱ्याची तबेल्यातल्या पोऱ्याकडून. यापुढे उरला कोण, तर खुद्द घोडा. ही उघड थट्टा आहे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर १८८३पासून घोडे धावत आहेत, तिथल्या टिपांवर पैसे लावून बसलेल्यांना ती चटकन कळेल.

घोड्यांवर राज्य उभे केलेल्या मराठ्यांच्या भाषेत घोड्याच्या दाताची म्हण मला आढळली नाही. आपले घोडे पेंड खाते, वरातीमागून येते, मैदानाजवळ असते. तोंड उघडत नाही. शालिहोत्राच्या परंपरेतल्या अश्वशास्त्रांत दातांवरून वय सांगण्याची विद्या आहे, सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तरीही म्हणीत दात मोजले गेले ते गाईचे. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत. आणि गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, मोजायचे ते खालचे आठ.

आपल्याकडच्या एका जुन्या दानकथेत मात्र दात मोजले गेलेच. कठोपनिषदातला वाजश्रवस यज्ञात गाई दान देत असतो. त्या गाई इतक्या थकलेल्या की शेवटचे पाणी पिऊन झालेले, शेवटचे गवत खाऊन झालेले, दूध आटलेले. ते पाहून नचिकेत हा त्याचा मुलगाच बापाला प्रश्न करतो आणि थेट यमाच्या दारी जातो. जेरोम घेणाऱ्याला गप्प करतो. नचिकेत देणाऱ्याला बोलता करतो. एवढ्या थोर कथेनंतरही आपल्या म्हणीने जेरोमचीच बाजू घेतली याचे मला थोडे वाईट वाटते.

इंग्लंडात आता घोड्याचे वय विचारायला तोंड उघडावे लागत नाही. २००४पासून तिथे प्रत्येक घोड्याला पासपोर्ट लागतो आणि १ ऑक्टोबर २०२०पासून मायक्रोचिपही सक्तीची झाली. ती मानेत डाव्या बाजूला असते, स्कॅनर फिरवला की क्रमांक दिसतो. पशुवैद्यही सांगतात की दहाएक वर्षांपुढे दातांवरून वय नेमके सांगता येत नाही, गॅल्व्हेनची खाचही पुष्कळदा चुकवते. महाराष्ट्रात गाईबैलांच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आला आहे. पण बैलगाडा शर्यतीचे गट अजून दातांवरच बांधतात. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, आठही भरले की जुळलेला. बैल आदतच्या मैदानात उतरवला आणि कोणी हरकत घेतली, तर बिल्ला वाचून भागत नाही. दोघे शिंगे धरतात, तिसरा खालचा ओठ ओढतो, आणि मग पंच मोजतात.